मॅडमच्या जाळ्यातली कमकुवत गाठ

मॅडम ज्या यंत्रावर पोट भरत होत्या ते यंत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. क्वांटम कम्प्युटर म्हणतात त्याला. जगात कुठे कुठे, बंद खोल्यांत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत त्याची बाळं ठेवलेली आहेत, पण ती अजून रांगतात, आणि रांगता रांगता सारखी पडतात. मॅडमना त्या बाळांशी घेणंदेणं नव्हतं. बाळ मोठं झाल्यावर काय काय करील आणि काय काय त्याला सात जन्मांत जमणार नाही, हे आधीच कागदावर ठरवून ठेवणं हा त्यांचा धंदा. बाजारात तुरी म्हणावं, तर इथे तुरी अजून पेरल्यासुद्धा नव्हत्या, आणि मॅडम त्या शिजायला किती वेळ लागेल यावर लेख लिहीत होत्या. अशा माणसांना विद्यापीठात सिद्धान्तवाले म्हणतात. घरी वेगळं काहीतरी म्हणतात, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सिद्धान्तवाल्यांना लागतं काय, तर फळा, खडू आणि कुणीतरी पळवून नेलेलं डस्टर. मॅडमची खोली तिसऱ्या मजल्यावर झेरॉक्स मशीनच्या शेजारी होती. भिंत पातळ. परीक्षा जवळ आल्या की पलीकडे मशीन धडधडायचं आणि इकडे फळ्याच्या कडेवरचे खडू घरंगळत खाली यायचे. मॅडम ते उचलायच्या, पुन्हा लिहायला लागायच्या, आणि पदराला हात पुसायच्या. त्यामुळे त्या घरी आल्या की दळण आणायला गेल्या होत्या असं वाटे.

त्यांचं नाव झालं ते एका जाळ्यामुळे. अवाढव्य जाळं. एवढं, की त्याच्या गाठी मोजायला बसलं तर सूर्य विझेल पण मोजणी संपायची नाही. त्यात एकच गाठ कमकुवत. ती सुटली की जाळ्याचे दोन तुकडे. ती गाठ शोधून काढायची. साधा कम्प्युटर बिचारा एकेक गाठ ओढून बघणार, म्हणजे झालंच. क्वांटम कम्प्युटर मात्र, जेव्हा कधी होईल तेव्हा, चहा गार व्हायच्या आत ती काढून हातात देईल, असं मॅडमनी सिद्ध केलं होतं. सिद्धता मोठी देखणी होती. परदेशचे लोक तिच्यावर भाषणं द्यायचे. फक्त एक होतं. साध्या कम्प्युटरला हे झटपट जमणारच नाही, हे कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. सगळ्यांना तसं वाटायचं, इतकंच. या धंद्यात सगळ्यांना वाटणं ही फार मोठी गोष्ट असते, आणि काहीच नसते.

हे दुसरं विसरू न देणारा एक माणूस त्याच मजल्यावर राहत होता. राहत होता म्हणजे काम करत होता, पण घरी जाताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. त्याला सगळे शंकासूर म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं, आणि आपल्याला हे नाव का पडलं असावं याबद्दलही त्याला शंका होती. कुठलंही व्याख्यान असो, तिसऱ्या रांगेतून त्याचा हात वर यायचा. मॅडमच्या व्याख्यानात त्याचा प्रश्न ठरलेला: "साध्या कम्प्युटरला जमत नाही, हे सिद्ध केलंय का?" मॅडमचं उत्तरही ठरलेलं: "अजून नाही, पण प्रयत्न चालू आहे." मग तो मान हलवून खाली बसायचा. नवराबायकोच्या भांडणासारखी त्या दोघांना त्याची सवय झाली होती.

आता घरचं सांगायला हवं, कारण खरा घोर तिथेच होता. सिद्धान्तवाल्यांना कायमची नोकरी लवकर मिळत नाही. दोन वर्षं या गावात, तीन वर्षं त्या गावात, असं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन मॅडमनी चार शहरं पालथी घातली. मागून नवरा. त्याचं काम चष्म्यांचं. प्रत्येक गावात दुसऱ्याच्या दुकानात डोळे तपासायचे, गिऱ्हाइकं नावानं ओळखायला लागली की गाशा गुंडाळायचा. त्याच्या मागून मॅडमची आई. आई शिवणाचे वर्ग चालवायची. प्रत्येक गावात चार बायका जमवायची, त्यांना सरळ टीप घालायला शिकवायची, आणि त्यांचा हात बसला की निरोप घ्यायची. "माझ्या शिकवलेल्या बायका चार गावांत उसवत बसल्यात," ती म्हणायची.

या पाचव्या गावात मात्र सहा वर्षांनी कायम करण्याची बोली होती. विद्यापीठानं तसं सांगितलं म्हणूनच नवऱ्यानं हिंमत करून स्वतःचं दुकान टाकलं. आईनं घराच्या मागच्या खोलीत शिवणाची दोन यंत्रं मांडली, आणि जाहीर केलं, "आता मला उचलून न्यायचं तर चौघांनी न्यायचं." सगळं अडकलं होतं एका बुधवारवर. त्या दिवशी मॅडमनी निवड समितीपुढे व्याख्यान द्यायचं होतं, अर्थात जाळ्यावर. दुसरं त्यांच्याकडे होतं काय?

इथे मॅडमना दुर्बुद्धी सुचली. त्यांना वाटलं, बुधवारच्या आत ती उरलेली बाजूही बांधून टाकावी. साध्या कम्प्युटरला हे जमणारच नाही, असं सिद्ध करून टाकलं की शंकासुराचं तोंड बंद आणि समिती गार. मी म्हणतो, एवढी वर्षं अर्धं झाकलेलं भांडं बरं चाललं होतं ना? पण हुशार माणसांना झाकण नीट बसवल्याशिवाय राहवत नाही, आणि ते बसवताना आत बघितल्याशिवाय तर मुळीच राहवत नाही.

त्या भिडल्या. साधा कम्प्युटर ज्या ज्या वाटेनं जाऊ शकेल ती ती वाट त्यांनी अडवली. शेवटी एक बारीकशी फट राहिली. ती बुजवायला त्या शनिवारी दुपारी नवऱ्याच्या दुकानात बसल्या. नवरा जेवायला घरी गेला होता, आणि गल्ल्यावर कुणीतरी हवं होतं. समोर भिंतभर चष्मे, हातात नंबर लिहायच्या वहीचं मागचं पान. मॅडम त्या फटीकडे बघत होत्या. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की एकेक गाठ ओढायची गरजच नाही. जाळं चार ठिकाणी धरून हलकंच हलवायचं, आणि कुठे ढिलं पडतं ते पाहायचं. मग तिथे पुन्हा चार ठिकाणी. आणि हे करायला कुठलंही थंडगार यंत्र लागत नाही.

नेमके तेव्हाच एक गृहस्थ आत आले. "बाई, मला परवा प्रवासाला निघायचंय. जवळचा-लांबचा एकत्र चष्मा हवाय. उद्यापर्यंत होऊ शकतं का?"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या पानाकडे बघत म्हणाल्या, "होऊ शकतं."

"नक्की?"

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या, "होऊ शकतं! सहज होऊ शकतं!"

असं उत्साहानं बोलणारा दुकानदार त्या गृहस्थांना आयुष्यात भेटला नव्हता. ते खूश होऊन नंबर देऊन गेले.

नवरा परत आला तो आधी चष्म्यावरून भडकला. तसल्या काचा यायलाच आठवडा लागतो, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. "उद्या? रविवारी? काचा काय मी दातांनी घासू?" मग त्यानं बायकोचं तोंड पाहिलं आणि खुर्ची ओढून समोर बसला. मॅडमनी सांगितलं. साध्या कम्प्युटरलाही ते जमतं. म्हणजे जाळ्यासाठी क्वांटम कम्प्युटरची गरज नाही. म्हणजे सिद्धता चूक नाही, पण आता तिला काही अर्थ नाही. वाघ मारायची तोफ बनवली आणि वाघ काठीनं मरतो असं निघालं, त्यातली गत. काठीही पुन्हा आपलीच.

नवऱ्यानं शांतपणे विचारलं, "हे कुणाकुणाला कळलंय?"

"मला. आणि आता तुला."

"मग घाई काय आहे? बुधवार होऊ दे. गुरुवारी सांग. विज्ञानाचं एका दिवसात काय बिघडतंय?"

आता हे बोलणं वाईट नव्हतं. नवरा लबाड नव्हता. उलट गिऱ्हाइकाला नको असलेली महागडी काच नको म्हणून सांगणारा, म्हणून तर दुकान हळूहळू चालत होतं. पण माणूस चार वेळा उठवला गेला की त्याला पाचवी जागा सोडवत नाही. मॅडमनाही ते पटलं. पटलं म्हणजे काय, पटवून घेतलं. आईला काही सांगायचं नाही असंही ठरलं. आणि रविवारी नवरा त्या गृहस्थांच्या घरी जाऊन माफी मागून आला.

बुधवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत समिती. अध्यक्ष रसायनशास्त्राचे, त्यांना गणिताची भाषणं फार आवडत, कारण त्यांत झोप छान लागे. शेजारी विभागप्रमुख, घड्याळाकडे बघणारे. तिसऱ्या रांगेत शंकासूर. शेवटून दुसऱ्या रांगेत नवरा आणि आई. आईनं लेकीसाठी शिवलेला नवा कुडता लेकीनं घातला होता, आणि आई व्याख्यानाकडे नाही तर खांद्याच्या टिपेकडे टक लावून बसली होती.

मॅडमनी सुरुवात झकास केली. जाळं आलं, गाठ आली, अध्यक्षांचे डोळे मिटले. मग ते वाक्य आलं, जे त्या शंभरदा तरी बोलल्या असतील: "साध्या कम्प्युटरला हे झटपट जमणार नाही, असं मानलं जातं." इथवर खोटं काही नव्हतं. मानलं जात होतंच. त्या पुढे सरकणार एवढ्यात तिसऱ्या रांगेतून हात वर आला.

"सिद्ध केलंय का?"

ठरलेलं उत्तर मॅडमच्या जिभेवर होतं. अजून नाही, पण प्रयत्न चालू आहे. त्यांनी तोंड उघडलं. जीभ हलेना. दुसरं कुणी विचारलं असतं तर त्या कदाचित बोलूनही गेल्या असत्या, पण या माणसानं सहा वर्षं हाच प्रश्न खरं उत्तर मिळेल म्हणून विचारला होता. त्याला फसवणं म्हणजे लहान मुलाला रिकामी मूठ दाखवण्यासारखं होतं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि कधी होणारही नाही. कारण ते खरं नाही. शनिवारी मला कळलं."

सभागृहात अशी शांतता पसरली की अध्यक्ष दचकून जागे झाले. मॅडम वळल्या, फळा पुसला, आणि चार ठिकाणी जाळं हलवायची ती युक्ती पहिल्यापासून मांडली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा कसा घालायचा हे त्यांनी स्वतः आकृती काढून दाखवलं. शेवटच्या ओळीखाली रेघ मारली, आणि वळून पाहिलं तर शंकासुराचा हात पुन्हा वर.

या वेळी त्याचा आवाज वेगळा होता. जरा घाईचा, जवळजवळ विनवणीचा. "मॅडम, तिसऱ्या ओळीत सगळे दोर सारख्याच ताणाचे आहेत असं तुम्ही धरलंय. तसे ते नसतील तर? तर ही युक्ती लागू पडत नाही. मग तुमचा जुना निकाल शाबूत राहतो." आणि मग तो जे कधी म्हणत नसे ते म्हणाला, "बघा ना."

मॅडमना कळलं. त्यानं शंका काढली नव्हती, दार उघडून दिलं होतं. अध्यक्ष पुढे झुकले. "म्हणजे चूक आहे का यात?" विभागप्रमुखांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं. मॅडमनी फक्त म्हणायचं होतं, शंका योग्य आहे, विचार करून सांगते. कुणी खोटारडी म्हणालं नसतं. विचार करायला माणसाला वेळ लागतोच. नवऱ्याचं दुकान, आईची दोन यंत्रं, सगळं त्या एका वाक्यापलीकडे सुखरूप होतं. त्यांनी तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. दुर्दैवानं त्यांना विचार करायला वेळ लागला नाही. वाईट एवढंच, की त्या चांगल्या गणिती होत्या.

"ताण सारखे नसले तरी चालतं," त्या म्हणाल्या. "आधी ताण मोजून घ्यायचे. ते सोपं आहे." आणि मधे दोन ओळी भरल्या. अक्षर आलं वाकडं, पण ओळी बरोबर होत्या. शंकासूर बराच वेळ उभा राहून वाचत राहिला. मग मान हलवून खाली बसला.

बाहेर व्हरांड्यात विभागप्रमुखांनी मॅडमना गाठलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मॅडम, हे काय करून बसलात? अहो, तुमचा निर्णय मागच्याच आठवड्यात झालाय. सह्या झाल्यात सगळ्यांच्या. आजचं व्याख्यान म्हणजे नुसती रीत होती! नुसतं बोलायचं आणि चहा प्यायचा!"

"मग आता?"

"आता काय? सह्या जाळ्यावर झाल्यात. जाळं तुम्हीच फाडलंत. पुन्हा बैठक घ्यावी लागणार."

आई मागेच उभी होती. तिला गणित कळलं नव्हतं, हे मात्र लख्ख कळलं. "म्हणजे नोकरी हातात आली होती," ती म्हणाली, "आणि हिनं ती परत दिली?"

"आई, मला गप्प बसता आलं नाही. बसले असते तर रात्रीची झोप लागली नसती."

"झोपेला काय झालं? दुपारी झोपायचं होतंस!" आई कडाडली. "सगळं गाव दुपारी झोपतं. पाचव्यांदा माझी यंत्रं उचलणार तू, आणि ती कशापायी, तर तुला रात्रीच झोपायचंय म्हणून!" आणि ती जावयाला घेऊन जिना उतरून गेली. जिना उतरताना तिचे गुडघे दुखतात, हे त्या क्षणी तीही विसरली होती.

पुढले काही दिवस घरात भांडी जास्त वाजत होती. आई लेकीशी बोलत नव्हती. जे सांगायचं ते शिवणयंत्राला सांगायची, आणि ते मॅडमनी ऐकावं इतक्या मोठ्यानं. नवऱ्यानं नवीन काचा मागवायचं थांबवलं. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मॅडमना वाटायचं.

मग बैठक झाली. ती कशी झाली हे विभागप्रमुखांनी नंतर मॅडमना स्वतः सांगितलं, सांगताना त्यांना हसावं की लाजावं कळत नव्हतं. निर्णय रद्द करायचा, तर नियमाप्रमाणे कारण लिहावं लागतं. कारण लिहायचं, तर मॅडमनी नक्की काय केलं ते समजून घ्यावं लागतं. अध्यक्षांनी कागद उजवीकडे सरकवला, उजवीकडच्यांनी डावीकडे. तो टेबलाला प्रदक्षिणा घालून परत अध्यक्षांपुढे आला. शेवटी शंकासुराला बोलावलं. त्या इमारतीत हे लिहू शकेल असा तो एकटाच. अध्यक्षांनी विचारलं, "यांचा जुना निकाल निकामी झालाय, हे खरं?" तो म्हणाला, "खरं." "मग निर्णय रद्द करायला हे कारण पुरेसं आहे?" शंकासुराचा हात सवयीनं वर गेला. मग म्हणाला, "त्याबद्दल मला शंका आहे." ती शंका तो दुपारभर सविस्तर मांडत राहिला. संध्याकाळी अध्यक्षांनी हात जोडले आणि जुन्या सह्या होत्या तशा ठेवल्या.

मॅडम कायम झाल्या. नवऱ्यानं ते ऐकलं तेव्हा तो एका बाईंचे डोळे तपासत होता; त्यानं खालची ओळ वाचायला सांगितली आणि स्वतःच मोठ्यानं वाचून टाकली. त्या दिवशी दुकान लवकर बंद करून तो घरी आला. आईनं आनंदानं मशीनमध्ये तेल घातलं. घरात सगळे एकाच वेळी बोलत होते.

मॅडम मात्र उठल्या. त्या आईच्या खोलीत जाऊन कापडाच्या ढिगाशेजारी बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. आई मागोमाग येऊन मशीनवर बसली आणि कापड मांडीवर घेऊन शिवायला लागली. आधी तिला वाटलं आनंदानं. मग तिनं नीट पाहिलं. असल्या डोळ्यांची ओळख प्रत्येक आईला असते.

"काय गं? मिळाली ना नोकरी?"

"मिळाली."

"मग?"

"आई, ते जाळं फार सुंदर होतं गं," मॅडम म्हणाल्या. "आता कुणी वाचणार नाही. वाचायचं कारणच राहिलं नाही. सगळे नोकरीचं विचारतात, बैठकीचं विचारतात. त्याचं कुणी विचारलंच नाही. बारा वर्षं मी रोज त्याच्याशी बोलत होते."

आईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं आणि लेकीसमोर जमिनीवर बसली, गुडघे कुरकुरले तरी.

"काय होतं ते? मला सांग."

"तुला नाही कळणार."

"मग काय झालं? आता कुणाच्या उपयोगाचं आहे ते? सांग."

मॅडमनी खडूचा एक तुकडा घेतला, कापड आखायचा, आणि फरशीवर जाळं काढलं. मग ते यंत्र एकाच वेळी सगळ्या गाठींवर कसं उभं राहतं, चुकीच्या वाटा एकमेकींना कशा पुसून टाकतात, आणि शेवटी ती एकच गाठ कशी वर येते, हे सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचं रडू कुठे गेलं ते त्यांनाही कळलं नाही. हात फरशीवर भराभर चालत होते. आई एकदाही मध्ये बोलली नाही. शेवटच्या गाठीभोवती मॅडमनी गोल काढला आणि वर पाहिलं.

"कळलं?"

"नाही," आई म्हणाली. "पुन्हा सांग."